तळघरातली ओल: आधी बाहेर, मग आत. इंदूरच्या घरांसाठी कामाचा क्रम

दिवाळी जवळ आली की तळघराच्या भिंतीचे पोपडे खरवडायचे, पुट्टी ओढायची, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यायचे आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी पुन्हा पोपडे बघायचे. इंदूरमध्ये हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता गप्प बसवत नाही. आमच्याही घरी दोनदा हेच झालं. मिस्त्री म्हणाला, "भाभीजी, दो कोट मार दो, सीलन खतम," आणि आम्ही मान डोलावली. बहुतेक वेळा मिस्त्रीचा हात किंवा रंगाचा डबा वाईट नसतो, कामाचा क्रम उलटा असतो. तळघराची ओल बाहेरून आत येते, म्हणून कामही बाहेरून आत करायचं. खाली तोच क्रम आहे, कृपा करून तो बदलू नका.

## कामाला हात घालण्याआधी

कामाचं कॅलेंडर पावसावरून ठरतं. पाणी कुठून येतं ते शोधायचं जुलै-ऑगस्टमध्ये, ओल समोर दिसत असताना. भिंत वाळू द्यायची दिवाळी ते होळी. खोदकाम आणि बाहेरचं काम होळीनंतर, आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपायच्या आत पूर्ण. आतला रंग त्यापुढचा पावसाळा कोरडा गेल्यावर. म्हणजे सगळं नीट करायचं तर सव्वा ते दीड वर्ष धरा, टप्पा ४ची वेळ आली तर आणखी एक वर्ष. पंधरा दिवसांत तळघर कोरडं करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला आगाऊ पैसे देऊ नका.

हाताशी ठेवायचं: जाड पारदर्शक प्लास्टिक आणि चिकटपट्टी, खडू, टॉर्च, मीटर-टेप, खायचा रंग आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. हा मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि पुढे हजारो वाचवतो. एक वहीही ठेवा. पाऊस किती वाजता थांबला आणि ओल किती वाजता दिसली, हे दोन आकडे दोन महिने लिहिलेत तर निम्मं निदान तुमचं तुम्हीच कराल.

## टप्पा १: पाणी कोणत्या वाटेनं येतंय ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका. ओल चार वाटांनी येते: पावसाचं पाणी मातीतून झिरपून, नळाच्या किंवा सांडपाण्याच्या गळतीतून, वरच्या मजल्याच्या बाथरूममधून, आणि हवेतून. चारींचे उपाय वेगळे आहेत.

प्लास्टिकची चाचणी. ओलसर भिंतीचा एक भाग कपड्यानं कोरडा पुसा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या, खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ते हवेतलं बाष्प आहे. दोन्हीकडे आलं तर दोन्ही रोग आहेत. हीच चाचणी फरशीवरही करा.

खडूची रेघ. ओलीच्या कडेनं खडूनं रेघ ओढून तारीख लिहा. पाऊस पडल्यावर काही तासांत ओल रेघेबाहेर गेली तर गच्चीचं किंवा अंगणाचं पाणी थेट भिंतीशी उतरतंय. दोन-तीन दिवसांनी गेली तर भोवतीची माती भरून पाणी येतंय. पावसाशी काहीच संबंध नसेल आणि नर्मदेचा नळ (म्हणजे शहराचं नळाचं पाणी) येतो त्या दिवशीच ओल वाढत असेल, तर नळाची लाइन किंवा हौद तपासा.

हौदाची चाचणी. आपल्याकडे जमिनीखालची टाकी पुष्कळदा तळघराच्या भिंतीला लागूनच असते. रात्री टाकी भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर तळघराचं काम बाजूला ठेवा आणि आधी टाकी दुरुस्त करा.

रंगाची चाचणी. बाथरूमची जाळी कापड कोंबून बंद करा, दोन बोटं पाणी साठवून त्यात खायचा रंग घाला. एक दिवस ठेवा. खाली छताला रंगीत डाग उतरला तर वाट सापडली.

भिंतीवर पांढरं काही दिसलं की लोक सरसकट बुरशी म्हणतात. थोडं खरवडून पाण्याच्या थेंबात टाका. विरघळलं तर तो क्षार आहे, म्हणजे लोणा लागलाय आणि भिंतीतून पाणी वाहून येतंय. विरघळलं नाही आणि कुबट वास आला तर बुरशी.

*सावधान:* लोणा पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा आणि ती पूड गोळा करून बाहेर टाका.

*तपासा:* वहीत "पाणी अमुक वाटेनं येतं" असं एक वाक्य लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा २: गच्चीचं पाणी लांब न्या

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर. २०२०च्या ऑगस्टमध्ये इंदूरला एका दिवसात दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. तेवढ्या गच्चीवरून त्या दिवशी २५,००० लिटर खाली आलं असणार. आता आपल्या गच्चीचा पाइप कुठे सुटतो ते जाऊन बघा. दहांतल्या सात घरी मला तो जोत्याच्या कडेला, कुंड्यांच्या मागे सुटलेला दिसतो. पंचवीस हजार लिटर भिंतीच्या पायाशी ओतायचं आणि आतून रंग लावायचा, यातून काय निष्पन्न होणार?

पाइप खाली बंद करून जमिनीखालून किंवा उघड्या नालीनं निदान तीन मीटर पुढे न्या आणि पावसाच्या गटारात सोडा. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये जोडू नका. जोरदार पावसात ती लाइन तुंबते आणि तेच पाणी तळघरातल्या संडासातून वर येतं.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा खड्डा अवश्य करावा, पण तळघराला खेटून नको. मी निदान पाच-सहा मीटर अंतर आणि उताराची बाजू, या दोन्ही अटी पाळायला सांगते. प्लॉट लहान असेल आणि एवढं अंतर सुटत नसेल तर मुरवण्याऐवजी टाकीत साठवा.

*तपासा:* गच्चीवर बादल्या ओता किंवा होज सोडा आणि पाणी शेवटी कुठे बाहेर पडतं ते स्वतः उभं राहून बघा.

## टप्पा ३: जोत्याभोवतीची माती

माळव्याची काळी माती शेतीला सोनं, पण तळघराच्या भिंतीशी वैर. पाणी प्यायली की फुगते आणि भिंतीवर रेटा देते. वैशाखात आकसते, भेगाळते आणि भिंतीपासून सुटते. त्या फटीत कधी बोट जातं, कधी अख्खा हात. मृगाचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत पोचतो. पहिल्याच सरीत तळघरात पाणी आलं, नंतर आलं नाही, असं लोक आश्चर्यानं सांगतात, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट अशी की खाली बसाल्टचा खडक असतो. तळघरासाठी खडकात खड्डा खोदून भोवतीची जागा सैल मातीनं भरली की त्याची परात होते. आजूबाजूचं पाणी उतरून त्या परातीत साठतं आणि खडकातून खाली लवकर जात नाही.

काय करायचं:

१. भिंतीलगतची दीड-दोन फुटांची काळी माती जमेल तेवढी खोल काढून टाका. ती त्याच खड्ड्यात परत घालायची नाही. ठेकेदार हमखास घालतो, कारण ट्रॉलीचं भाडं वाचतं.

२. मुरूम भरा. एका वेळी अर्ध्या फुटाहून थोडा जास्त थर, किंचित पाणी शिंपडून धुम्मस मारून बसवायचा, मग पुढचा थर. एकदम भरलेला मुरूम पहिल्या पावसात खचतो आणि वरची लादी भिंतीकडे कलते.

३. वर तीन फूट रुंद सिमेंटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पट्टा आणि भिंत यांच्या सांध्यात सीलंट भरा, कारण हा सांधा दरवर्षी उघडतो. नवतपात खाली वाकून एकदा बघायचं, उघडला असेल तर पुन्हा भरायचं.

४. पट्ट्यापुढच्या अंगणालाही उतार हवा, तीन मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर.

भिंतीलगतची वाफ्यांची रांग हलवा. रोज दोन वेळा पाणी घातलेली जास्वंद पावसाळ्याबाहेरही भिंत ओली ठेवते. शेजारच्या काकूंच्या तळघराची बारमाही ओल केवळ वाफा हलवल्यावर गेली, एक पैसा खर्च न होता.

## टप्पा ४: बाहेरून भिंत उघडणं

टप्पा २ आणि ३ करून एक पावसाळा जाऊ द्या. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांना पुढे जावं लागत नाही. तरीही पाणी येत असेल आणि बाहेर खोदायला जागा असेल, तर खरं वॉटरप्रूफिंग बाहेरूनच. पाण्याचा दाब बाहेरून असतो. बाहेर लावलेला थर त्या दाबानं भिंतीवर दाबला जातो, आत लावलेला थर त्याच दाबानं सुटतो.

*सावधान:* दीड मीटरपेक्षा खोल चर आधाराशिवाय उघडा ठेवू नका, काळी माती अचानक ढासळते. सगळी बाजू एकदम न खोदता तुकड्या-तुकड्यांनी खोदा. आभाळ भरलं असेल तर खोदायचंच नाही. शेजाऱ्याची भिंत जवळ असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला जागा दाखवा.

भिंत घासून स्वच्छ करा, भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी भरा, पाया आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोला (कोपरा गोलसर भरणारी पट्टी) फिरवा. मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात: पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कोटिंगला डब्यावर सांगितलेले दिवस द्या आणि त्यानंतर त्यापुढे संरक्षण म्हणून अर्ध्या विटेची भिंत किंवा उंचवटे असलेला प्लास्टिकचा जाड पत्रा लावा. हे टाळलं तर मुरूम भरताना दगड कोटिंग फाडतात आणि सगळी मेहनत जमिनीखाली गाडली जाते.

तळाशी, तळघराच्या फरशीच्या पातळीखाली, चार इंची भोकांचा पाइप टाका. भोकं खालच्या बाजूला. भोवती स्वच्छ खडी आणि खडीला गाळणीचं कापड. शंभराला एक असा उतार देऊन हा पाइप संपमध्ये (पाणी गोळा करून उपसायच्या खड्ड्यात, टप्पा ६ बघा) सोडा. कापड विसरलात तर दोन-तीन पावसाळ्यांत पाइप मातीनं गच्च होतो.

## टप्पा ५: आतून काम, बाहेर खोदता येत नसेल तर

जुन्या इंदूरमध्ये, राजवाड्याच्या आसपास किंवा रामबागेत, घराला घर लागून असेल तर बाहेर खोदणं शक्य नसतं. मग आतूनच करावं लागतं, आणि तेव्हा भिंत नेमकी कशाची आहे हे माहीत हवं.

भिंत चुन्यातल्या विटांची असेल तर सिमेंटचं प्लास्टर करू नका. ओल आत कोंडते, वर चढते आणि तळमजल्याच्या भिंतीत फुटते. अशा घराला चुन्याचंच प्लास्टर, वर चुन्याचीच सफेदी आणि भरपूर हवा.

भिंत सिमेंटची किंवा काँक्रीटची असेल तर:

१. ओलीच्या सगळ्यात वरच्या खुणेच्याही दीड फूट वरपर्यंत जुनं प्लास्टर, पुट्टी, रंग, सगळं काढा. वीट किंवा काँक्रीट उघडं दिसलं पाहिजे. पुट्टीवर केलेलं कोणतंही कोटिंग पुट्टीसकट गळून पडतं.

२. भेगांना छिन्नीनं अर्धा-पाऊण इंच खाच पाडा, धूळ झाडा, पॉलिमर घातलेल्या मसाल्यानं भरा.

३. पाणी वाहत असलेल्या जागा काही मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्लग-सिमेंटनं बंद करा. वरून खाली या. सगळ्यात खालची जागा शेवटपर्यंत उघडी ठेवा आणि तिथे छोटी नळी बसवा, म्हणजे पाण्याला वाट मिळून वरचे प्लग टिकतात. ती जागा अगदी शेवटी बंद करायची. खालून सुरुवात केली की पाणी वर चढून नवीन भोकं पाडतं.

४. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे दोन इंची गोला. गळती सगळ्यात जास्त याच रेषेतून होते आणि सगळ्यात जास्त विसरली जातेही हीच.

५. काँक्रीटला क्रिस्टलाइन कोटिंग चालतं. ते ओल्या पृष्ठभागावरच लावायचं आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी शिंपडत राहायचं, कारण ते पाण्यासोबतच काँक्रीटच्या छिद्रांत वाढतं. कोरड्या भिंतीवर लावलं तर पांढरी भुकटी होऊन निघतं. विटेच्या भिंतीला हे थेट लावू नका. आधी वॉटरप्रूफ पावडर घातलेलं एकास चार (सिमेंट-वाळू) प्रमाणाचं प्लास्टर करा, ते पक्कं झाल्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्या.

मिस्त्री माल कालवतो तेव्हा शेजारी उभं राहा. पाणी मापानं घालायचं, घमेल्यातल्या अंदाजानं नाही. पातळ माल ब्रशला हलका लागतो, म्हणून हात आपोआप पाण्याकडे जातो.

*एक आकडा लक्षात ठेवा:* बाहेर एक मीटर उंच पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. साध्या रंगाचा थर तो सोसणार नाही.

## टप्पा ६: संप आणि पंप

परातीत पाणी साठणार असेल तर ते उपसायची सोय हवी. तळघराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा, अडीच फूट खोल खड्डा, वर झाकण. त्यात फ्लोट असलेला सबमर्सिबल पंप, म्हणजे पाणी वाढलं की आपोआप चालू होईल. बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप थांबताच पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप दिवसभर चालू-बंद होत राहतो.

मुसळधार पाऊस आणि वीज जाणं एकाच वेळी होतं. पंपाची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे घरचा लहान इन्व्हर्टर तिला सुरूच करू शकत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मे महिन्यातच प्रत्यक्ष चालवून बघा.

तळघरात संडास किंवा मोरी असेल तर तिच्या लाइनवरही उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवाच.

*तपासा:* दर वर्षी नवतपात संपमध्ये चार बादल्या ओता. पंप आपोआप सुरू झाला का? पाणी बाहेर लांब पडलं का?

## टप्पा ७: भिंत वाळू द्या

वाळायला ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत आठवड्यात वाळत नाही, वरून कितीही कोरडी दिसो. हॅलोजन लावून किंवा सिगडी पेटवून घाई केली तर वरचा थर सुकतो, आत ओल राहते आणि क्षार वेगानं वर येतात. शिवाय बंद तळघरात सिगडी किंवा जनरेटर चालवणं जिवावर बेतणारं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. दोन दिवसांत एकही थेंब नाही, असं तीन वेगवेगळ्या जागी झालं की रंगाचा विचार करा. रंगही बाष्प आरपार जाऊ देणारा निवडा. ऑइलपेंट, वॉलपेपर, प्लायवुड आणि पीव्हीसी पॅनल तळघराच्या बाहेरच्या भिंतीला लावूच नका. पॅनलमागे ओल आणि वाळवी दोन्ही निवांत वाढतात, आणि कळतं तेव्हा चौकट पोखरलेली असते.

## टप्पा ८: हवा कधी घ्यायची

इथे चांगल्या हेतूनं चूक होते. पावसाळ्यात कुबट वास आला की आपण दुपारी सगळ्या खिडक्या उघडून पंखा लावतो. जुलैच्या दुपारी बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतलं बाष्प २६ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव होऊन बसतं. जमिनीखालची भिंत साधारण तेवढीच किंवा त्याहून गार असते. म्हणजे वाळवण्यासाठी आत घेतलेली हवा भिंत भिजवून जाते.

पावसाच्या दिवसांत दुपारी खिडक्या बंद. आतला मीटर ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावा आणि त्याची नळी संपमध्ये सोडा, म्हणजे बादली रिकामी करायची आठवण ठेवावी लागत नाही. मात्र भिंतीतून पाणी येत असताना हे यंत्र लावलं तर ते रात्रंदिवस मातीतलं पाणी ओढत बसेल आणि फक्त विजेचं बिल वाढेल. आधी टप्पा २ ते ६.

ऑक्टोबर संपला की सगळं उघडा. माळव्यातली हिवाळ्याची कोरडी हवा फुकटचं औषध आहे. समोरासमोरच्या दोन झरोक्यांतून ती वाहू द्या. झरोके सामानानं बुजवलेले असतात, ते मोकळे करा.

## टप्पा ९: सामान परत ठेवताना

गणपतीचं मखर, लग्नातली भांडी, जुने अल्बम, मुलांची पुस्तकं, हे सगळं आपण तळघरात ठेवतो आणि नेमकं तेच जातं. लोखंडी रॅक, फरशीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून चार बोटं लांब. पुठ्ठ्याचे खोके नकोत, झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या. कागदपत्रं आणि फोटो तळघरात ठेवूच नका, भिंत कितीही कोरडी झाली तरी.

तळघराच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि प्लगपॉइंट कमरेच्या उंचीवर घ्या.

## पाणी शिरलंच तर

पाण्यात पाय टाकण्याआधी वरून तळघराचा मेन स्विच बंद करा. मेन तळघरातच असेल तर खाली उतरू नका, वीज मंडळाला फोन करा. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असताना आतलं पाणी एकदम उपसू नका. बाहेरचा दाब तसाच राहतो, आतला आधार जातो आणि भिंत किंवा फरशी उचलली जाऊ शकते. दिवसाला दोन-तीन फूट, हळूहळू. पाणी गटाराचं असेल तर गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा, भिजलेल्या गाद्या आणि पुठ्ठे त्याच दिवशी बाहेर काढा.

आणि पाणी पूर्ण ओसरायच्या आत भिंतीवर त्याच्या पातळीची खडूनं रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या वर्षी टप्पा १ त्याच रेघेपासून सुरू करायचा आहे.